घंटेआधीचे पावलोव्ह

कँटीनमधून गरम वड्यांचा वास आला आणि तुमच्या तोंडाला पाणी सुटलं, की ग्रुपमधला कोणीतरी 'पावलोव्हचा कुत्रा' म्हणून फिरकी घेतोच. पण गंमत माहितीये? पावलोव्हना नोबेल मिळालं ते त्या घंटेसाठी नाही, पोटासाठी!

इव्हान पावलोव्ह यांचा जन्म १८४९चा, रशियातल्या रियाझानचा. वडील पाद्री, त्यामुळे मुलगाही धर्मशिक्षणाच्या शाळेत. पण विज्ञानाच्या पुस्तकांनी वेड लावलं आणि १८७०मध्ये ते शिक्षण सोडून पठ्ठ्या थेट सेंट पीटर्सबर्ग विद्यापीठात! पुढे बरीच वर्षं पैशांची ओढाताण. हाताशी मोठी प्रयोगशाळा आली तेव्हा चाळिशी उलटली होती.

तिथला त्यांचा प्रयोग वाचताना आज अंगावर काटा येतो. कुत्र्याची अन्ननलिका गळ्यापाशी बाहेर काढलेली. तो खायचा, पण घास गळ्यातूनच बाहेर पडायचा. पोटात कणही नाही, तरी काही मिनिटांत जठररस पाझरू लागायचा. मेंदूतून पोटाकडे जाणाऱ्या व्हेगस नसा कापल्या की रस बंद! म्हणजे ऑर्डर मेंदूची. पचनाचा सगळा कारभार नसांवरच चालतो, अशी पावलोव्हची खात्री झाली.

१९०२मध्ये लंडनच्या बेलिस आणि स्टार्लिंग यांनी त्याला धक्का दिला. त्यांनी आतड्याच्या नसा तोडल्या, आत आम्ल सोडलं, तरी स्वादुपिंडातून रस आलाच. आतडं रक्तातून रासायनिक निरोप धाडत होतं. त्याचं नाव सिक्रिटिन. पावलोव्हनी तोच प्रयोग आपल्या प्रयोगशाळेत करायला लावला, निकाल पाहिला आणि मान्य केला. १९०४मध्ये ते नोबेल मिळवणारे पहिले रशियन ठरले. १९३६मध्ये वारले, तोवर जगाला ते घंटेमुळेच ठाऊक झाले होते.

आज आपल्याला दोन्ही वाटा माहीत आहेत. जठरातलं घ्रेलिन मेंदूला 'भूक लागली' सांगतं. जेवणानंतर आतड्यातलं जीएलपी-१ 'बस्स' म्हणतं. लठ्ठपणावरची चर्चेतली इंजेक्शनं याच जीएलपी-१ची नक्कल करतात. डाएट करून वजन उतरवलं, की घ्रेलिन वाढतं आणि भूक आणखी छळते.

तेव्हा जाड मित्राला 'तोंडावर ताबा ठेव' असं सुनावण्याआधी थांबा. त्याच्या पोटाचं आणि मेंदूचं काय बोलणं चाललंय, ते तुम्हाला ऐकू येत नसतं.