वॉट्स हम्फ्री

वॉट्स एस. हम्फ्री (४ जुलै, १९२७:बॅटल क्रीक, मिशिगन, अमेरिका - २८ ऑक्टोबर, २०१०:सॅरासोटा, फ्लोरिडा, अमेरिका) हे अमेरिकन सॉफ्टवेअर अभियंते, लेखक व शिक्षक होते. अभियंत्याने स्वतःच्या कामाचे मोजमाप करून त्यातून शिकावे, या तत्त्वावर आधारलेल्या पर्सनल सॉफ्टवेअर प्रोसेस (पीएसपी) या शिक्षणपद्धतीचे ते जनक होत.

शिक्षण व सुरुवातीचा काळ

हम्फ्री यांना बालपणी डिसलेक्सियामुळे वाचन जड जात असे. पहिल्याच इयत्तेत ते नापास झाले. दोष मुलाचा नसून शाळेचा आहे असे मानून वडिलांनी त्यांची शाळा बदलली. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस त्यांनी नौदलात सेवा केली. पुढे त्यांनी शिकागो विद्यापीठातून भौतिकशास्त्राची पदवी, इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून त्याच विषयाची पदव्युत्तर पदवी आणि पुन्हा शिकागो विद्यापीठातून व्यवसाय व्यवस्थापनाची पदवी मिळवली.

आयबीएममधील कार्य

१९५९ साली ते आयबीएममध्ये रुजू झाले. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात कंपनीच्या सॉफ्टवेअर विभागाची सूत्रे त्यांच्याकडे आली, तेव्हा अनेक कामे वेळापत्रकाच्या मागे पडली होती. लेखी योजना तयार झाल्याखेरीज कोणत्याही उत्पादनाची तारीख जाहीर न करण्याचा नियम त्यांनी घातला.

१९८६ साली आयबीएममधून निवृत्त होऊन ते कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग इन्स्टिट्यूटमध्ये दाखल झाले. संस्थांची कार्यक्षमता पाच पातळ्यांवर जोखणाऱ्या कॅपेबिलिटी मॅच्युरिटी मॉडेलचा पाया तेथेच घातला गेला. १९९० च्या दशकात मोटोरोलाच्या बंगळूर केंद्राने यातील सर्वोच्च पातळी गाठली. त्यानंतर अनेक भारतीय कंपन्यांनी हे प्रमाणपत्र मिळवले.

पर्सनल सॉफ्टवेअर प्रोसेस

मोठ्या संस्थांची शिस्त एकट्या अभियंत्यालाही उपयोगी पडते का, हे पाहण्यासाठी हम्फ्री यांनी स्वतःवरच प्रयोग केला. तीन वर्षांत त्यांनी ६२ आज्ञावल्या लिहिल्या व प्रत्येकीच्या नोंदी ठेवल्या. या अनुभवावरून त्यांनी अभ्यासक्रम आखला व १९९५ साली त्याचे पाठ्यपुस्तक प्रसिद्ध केले.

या अभ्यासक्रमात विद्यार्थी क्रमाने छोट्या आज्ञावल्या लिहितो. काम सुरू करण्यापूर्वी तो आज्ञावलीचा आकार व लागणारा वेळ यांचा अंदाज लिहून ठेवतो. काम करताना प्रत्यक्ष लागलेली मिनिटे, मध्ये आलेले व्यत्यय आणि सापडलेला प्रत्येक दोष तो नोंदवतो. दोष कोणत्या टप्प्यावर शिरला, कोणत्या टप्प्यावर निघाला आणि दुरुस्तीस किती वेळ लागला, हेही लिहिले जाते. वारंवार होणाऱ्या चुकांवरून विद्यार्थी स्वतःची तपासणीसूची बनवतो व पुढचे अंदाज आपल्याच जुन्या आकड्यांवरून बांधतो.

हे आकडे ज्याचे त्याचेच असावेत, असा हम्फ्री यांचा आग्रह होता. वरिष्ठांनी त्यांवरून कामगिरी ठरवली, तर माणसे सोयीचे आकडे लिहितील आणि पद्धतीचा हेतूच नष्ट होईल, असे त्यांचे मत होते. म्हणूनच शिक्षकाने दोषांच्या संख्येवर गुण देऊ नयेत, तर नोंदी पूर्ण व सुसंगत आहेत का एवढेच पाहावे, अशी पद्धत ठेवण्यात आली.

टीका

हाताने नोंदी ठेवणे कंटाळवाणे असल्याची टीका या पद्धतीवर झाली. हवाई विद्यापीठातील ॲन डिस्नी व फिलिप जॉन्सन यांनी १९९८ साली दहा विद्यार्थ्यांच्या ८९ प्रकल्पांच्या नोंदी तपासल्या असता त्यांत १,५३९ चुका आढळल्या. अशा नोंदींवरून काढलेल्या निष्कर्षांच्या विश्वासार्हतेवर यामुळे प्रश्नचिन्ह उभे राहिले. पुढे जॉन्सन यांनी नोंदी आपोआप गोळा करणारी साधने विकसित केली.

सन्मान

इ.स. २००० मध्ये चेन्नई येथे त्यांच्या नावाने सॉफ्टवेअर गुणवत्ता संस्था स्थापन झाली. अमेरिकेचे २००३ सालचे राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक त्यांना २००५ साली राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांच्या हस्ते प्रदान करण्यात आले.