नसण्याचे भय आणि डेव्हिड ह्यूम

रविवार, ७ जुलै १७७६. एडिंबरो शहरात जेम्स बॉस्वेल याला त्या दिवशी चर्चमध्ये जाण्यास उशीर झाला आणि म्हणून तो डेव्हिड ह्यूमच्या घरी गेला. ह्यूम मरणपंथाला लागला होता. एके काळचा हा स्थूल गृहस्थ आता अस्थिपंजर झाला होता. परंतु दिवाणखान्यात तो स्वस्थपणे पुस्तक वाचीत पहुडला होता. आयुष्यभर धर्मश्रद्धेविषयी शंका घेणारा हा तत्त्वज्ञ मृत्यू दारात आल्यावर तरी डगमगतो की काय, हे बॉस्वेलला जाणून घ्यावयाचे होते. ह्यूम डगमगला नाही. अस्वस्थ होऊन परतला तो बॉस्वेलच.

ह्यूमचा जन्म १७११ मध्ये एडिंबरोतच झाला. तो दोन वर्षांचा असताना वडील वारले. घरच्यांनी त्याच्यासाठी वकिली योजली होती. त्याचे मन मात्र तत्त्वज्ञानात रमले. फ्रान्समधील ला फ्लेश येथे राहून मानवी स्वभावावर त्याने जो मोठा ग्रंथ लिहिला, तो १७३९-४० मध्ये प्रसिद्ध झाला आणि जवळजवळ दुर्लक्षित राहिला. अश्रद्धेच्या आरोपामुळे प्रथम एडिंबरोचे व नंतर ग्लासगोचे प्राध्यापकपद त्याच्या हातून गेले. द्रव्य व व्यापार यांवरील त्याचे निबंध १७५२ मध्ये निघाले. देशात सोनेनाणे साठले की किंमती चढतात, निर्यात घटते आणि ते सोनेनाणे पुन्हा बाहेर वाहू लागते, हा त्यांतील विचार अर्थशास्त्राचे विद्यार्थी आजही अभ्यासतात. पुढे इंग्लंडच्या इतिहासाच्या सहा खंडांनी त्याला कीर्ती व सुस्थिती दिली. आत्म्याच्या अमरत्वाविषयी शंका घेणारा त्याचा निबंध मात्र छापून झाल्यावरही त्याने मागे घेतला. तो वाचकांपुढे आला त्याच्या मृत्यूनंतर, १७७७ मध्ये.

१७७५ मध्ये त्याला पोटाचा विकार जडला. तो बरा होणारा नाही, हे ओळखून त्याने १७७६ च्या एप्रिलमध्ये काही पानांचे आत्मचरित्र लिहून ठेवले. त्यानंतरही ग्रंथांच्या नव्या आवृत्तीसाठी दुरुस्त्या चालू होत्या आणि मित्रांबरोबर पत्त्यांचे डावही रंगत होते. मृतांना नदीपार नेणारा ग्रीक पुराणांतील नावाडी कॅरॉन याच्याकडे मुदत मागण्यासाठी कोणती सबब सांगावी, यावर त्याने आपला मित्र ॲडम स्मिथ याच्याशी थट्टाही केली. ग्रंथांच्या दुरुस्त्या राहिल्या आहेत म्हणावे, किंवा अंधश्रद्धेचा अस्त पाहून येतो म्हणावे. परंतु नावाडी दोन्ही सबबी धुडकावून लावील, हेही त्यानेच सांगून टाकले.

आपण यापुढे उरणारच नाही, या कल्पनेने जीव घाबरत नाही काय, असे बॉस्वेलने त्याला विचारले होते. प्राचीन रोमन कवी ल्युक्रेशियस याचा आधार घेऊन ह्यूमने उत्तर दिले, की जन्मापूर्वी आपण नव्हतो याचे दुःख जसे वाटत नाही, तसेच मृत्यूनंतर नसण्याचेही वाटू नये. हा युक्तिवाद बिनतोड भासतो. तथापि जन्मापूर्वी आपल्यापाशी गमावण्यासारखे काही नसते; मरताना माणसे, कामे व आशा मागे राहतात, हा त्यावरील आक्षेप सामान्य माणसालाही सुचतो आणि तो हलका नाही. स्वतः मृत्यूला फार भिणाऱ्या डॉ. सॅम्युएल जॉन्सनने तर ही हकीकत ऐकल्यावर ह्यूमच्या शांतपणावर विश्वासच ठेवला नाही.

या भयाची अधिक मार्मिक मीमांसा स्मिथने १७५९ मधील आपल्या नीतिविषयक ग्रंथात केली होती. मृत मनुष्य थडग्याच्या अंधारात एकाकी पडून कष्टी होत असेल, असे आपणास वाटते. कारण आपण आपले जिवंत मन त्याच्या निर्जीव देहात कल्पनेने घालून पाहतो. स्वतःच्या मृत्यूचेही तसेच. आपण नसल्याचे चित्र रंगविताना ते पाहणारे आपण तेथे उरतोच. हे भय व्यक्तीचे सुख नासविते. परंतु तेच माणसाला अन्यायापासून परावृत्त करून समाजाचे रक्षण करते, असेही स्मिथने नोंदविले.

भयाचे मूळ असे कल्पनेत असेल, तर केवळ तर्काने ते उपटले जाणे कठीण. बुद्धी ही भावनांची स्वामिनी नव्हे, हे तर ह्यूमचेच प्रतिपादन होते. त्याचा युक्तिवाद बॉस्वेलनेही ऐकला. त्याला शांती लाभली नाही. ह्यूमला ती लाभली, याचे कारण त्याच्या आयुष्यात शोधावे लागते. योजलेली महत्त्वाची कामे हातून झाली होती, आप्तांची व्यवस्था लागली होती, जिवाभावाचे मित्र जवळ होते. ल्युक्रेशियसच्या युक्तिवादाला या तृप्तीचे पाठबळ होते.

२५ ऑगस्ट १७७६ रोजी ह्यूम वारला. त्याच्या अखेरच्या दिवसांचा वृत्तांत स्मिथने एका पत्रात लिहिला व तो पुढील वर्षी प्रसिद्ध झाला. त्याच १७७६ च्या मार्चमध्ये स्मिथचा ‘वेल्थ ऑफ नेशन्स’ निघाला होता आणि त्यात ब्रिटनच्या साऱ्या व्यापारव्यवस्थेवर कठोर टीका होती. परंतु त्या ग्रंथापेक्षा या छोट्या पत्रामुळेच आपल्याला दसपट शिव्याशाप मिळाले, अशी तक्रार स्मिथने पुढे केली. धर्मश्रद्धेचा आधार न घेताही माणूस शांतपणे मरू शकतो, ही वार्ता त्या समाजाला व्यापारावरील टीकेहून अधिक झोंबली. मृत्यूच्या धाकावर समाजाची नीती किती विसंबून असते, हे स्मिथने सतरा वर्षांपूर्वी लिहिले होते. त्याचा प्रत्यय त्याला स्वतःलाच असा आला.