लोखंडी नांगराचा कर्ता : लक्ष्मणराव किर्लोस्कर

बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी २० जून १८६९ रोजी लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म झाला. घर वेदान्ताच्या व्यासंगाचे. मुलाचा ओढा मात्र चित्रांकडे आणि यंत्रांकडे. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत ते दाखल झाले, परंतु रंगांतील भेद डोळ्यांना नीट उमगत नाहीत असे ध्यानात येताच त्यांनी यांत्रिक रेखनाची कास धरली. पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते अध्यापन करू लागले. बढतीच्या वेळी डावलले गेल्यावर नोकरी सोडून ते बेळगावास आले.

तेथे बंधू रामुअण्णांसह चालविलेले सायकलींचे दुकान १८८८ पासूनचे होते. सायकल विलायतेची, दुकानदाराच्या पदरी पडायचे ते विक्रीवरील अधिक-उणे. शेजारी दुसऱ्या कोणी तसेच दुकान थाटले तर त्यास अडविणार कोण? लक्ष्मणरावांना स्वतः काही घडवावयाचे होते. कडबा कापण्याच्या यंत्रापाठोपाठ त्यांनी लोखंडी नांगर हाती घेतला.

या बाजारात त्यांची गाठ दोन प्रतिस्पर्ध्यांशी होती. एक इंग्लंडातील रॅन्सम्स ही नामांकित कंपनी. दुसरा गावचा सुतार. यांपैकी सुतारच अधिक अवघड म्हटला पाहिजे. तो लाकडी नांगर करून देई, मोडला तर दुरुस्त करी, आणि सुगीला बलुते घेई. शेतकऱ्याच्या कमरेचा रोकडा पैसा त्यात सुटत नसे. शिवाय लोखंडाने जमिनीत विष कालवले जाते, ही समजूत घट्ट रुजलेली. पहिले चाळीस नांगर खपावयास दोन वर्षे लागली! कोणताही सावध व्यापारी एवढ्यावर तो धंदा आवरता घेता. लक्ष्मणरावांनी उलट फाळाच्या ओतकामाकडे लक्ष वळविले. नमुना विलायती नांगराचाच होता, परंतु फाळ लवकर झिजला की शेतकऱ्याचा विश्वासही झिजतो, हे त्यांनी ओळखले होते. टिकाऊ फाळ आणि जवळपास मिळणारे सुटे भाग यांवर त्यांनी परदेशी मालाशी सामना मांडला.

मध्येच बेळगावची कारखान्याची जागा सोडावी लागली. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळ बत्तीस एकर माळ दिला. निवडुंग आणि साप यांखेरीज त्या माळावर फारसे काही नव्हते. १९१० मध्ये तेथे किर्लोस्करवाडी वसली. शंभुराव जांभेकरांसारखे जिद्दी सहकारी लाभले नसते, तर एकट्या लक्ष्मणरावांच्या कल्पकतेने हा गाडा ओढला असता असे वाटत नाही.

१९१४ च्या महायुद्धाने परदेशी नांगरांची आवक रोडावली आणि बाजार मोकळा झाला. पण तीच आपत्तीही होती, कारण लोखंड व कोळसा यांचीही टंचाई पडली. तेव्हा किल्ल्यांवरील जुन्या तोफा वितळवून नांगर ओतले गेले आणि कोळशाच्या जागी लाकडी कोळसा वापरण्यात आला. युद्ध संपून परका माल परतला, तोवर किर्लोस्कर नांगर दख्खनच्या शेतांत स्थिरावला होता. १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षी पुतणे शंकरराव यांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केली. कारखान्याचे हे वार्तापत्र पुढे 'किर्लोस्कर' मासिक होऊन मराठी ग्रंथालयांच्या मेजावर आले, हे वाचकांस सांगावयास नकोच.

एकाच मालावर विसंबण्यातील धोका १९३० नंतरच्या मंदीत दिसला. शेतमालाचे भाव कोसळताच नांगर कोण घेणार? पंप आणि लोखंडी फर्निचर यांनी कारखाना तगविला. अमेरिकेत अभियांत्रिकी शिकून आलेले पुत्र शंतनुराव यांनी पुढे हरिहर, पुणे व बंगळूर येथे हा विस्तार नेला.

गांधीहत्येनंतर १९४८ मध्ये उसळलेल्या दंगलीत वाडीच्या कारखान्यास आग लावण्यात आली. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या लक्ष्मणरावांना ते पाहावे लागले. कारखाना पुन्हा उभा राहिलेलाही त्यांनी पाहिला. २६ सप्टेंबर १९५६ रोजी त्यांचे निधन झाले. १९६९ मध्ये, जन्मशताब्दीच्या दिवशी, भारत सरकारने त्यांच्या नावे टपाल तिकीट काढले.