फिरोजशाह मेहता

सर फिरोजशाह मेरवानजी मेहता (४ ऑगस्ट १८४५ – ५ नोव्हेंबर १९१५) हे मुंबईतील नामवंत बॅरिस्टर आणि राष्ट्रीय सभेचे मवाळ नेते होते. मुंबई महानगरपालिकेच्या घडणीत त्यांचा मोठा वाटा असून, १९०७ सालच्या पालिका निवडणुकीत त्यांना पाडण्यासाठी झालेला प्रयत्न नागरी स्वराज्याच्या इतिहासात विशेष गाजला.

पूर्वायुष्य

फिरोजशाहांचा जन्म मुंबईतील एका पारशी व्यापारी कुटुंबात झाला. एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिक्षण घेतल्यावर ते कायद्याच्या अभ्यासासाठी इंग्लंडला गेले. लंडनमध्ये त्यांना दादाभाई नौरोजी यांचा सहवास लाभला. १८६८ साली बॅरिस्टर होऊन ते मायदेशी परतले.

पालिकेची घडण

त्या काळी मुंबईचा कारभार आयुक्त आर्थर क्रॉफर्ड यांच्या हाती एकवटला होता. त्यांनी शहरसुधारणेची अनेक कामे केली; परंतु खर्चाला धरबंध न राहिल्याने करदाते संतप्त झाले. १८७१ साली भरसभेत फिरोजशाहांनी लोकमताविरुद्ध जाऊन क्रॉफर्ड यांच्या कार्याची बाजू मांडली. दोष व्यक्तीचा नसून व्यवस्थेचा आहे आणि करदात्यांनी निवडलेली सभा हाच त्यावरील उपाय होय, असे त्यांचे प्रतिपादन होते. श्रोत्यांचा रोष त्यांना सहन करावा लागला. तथापि १८७२ च्या कायद्याने हे तत्त्व अंशतः मान्य झाले. ६४ सभासदांपैकी निम्मे करदात्यांनी निवडावयाचे ठरले.

१८८८ च्या कायद्याला आकार देण्यात फिरोजशाह आणि काशीनाथ त्रिंबक तेलंग यांचा प्रमुख सहभाग होता. या कायद्यान्वये सभासदसंख्या ७२ झाली. त्यांपैकी ३६ जण प्रभागांतून, १६ जण 'जस्टिस ऑफ द पीस' या मानाच्या पदावरील नागरिकांकडून, प्रत्येकी दोघे विद्यापीठ व व्यापारी मंडळाकडून निवडले जात, तर १६ जण सरकारनियुक्त असत. मताधिकार मात्र ठरावीक कर भरणाऱ्यांपुरताच असल्याने श्रमिक वर्ग या स्वराज्याबाहेरच राहिला.

१९०७ ची निवडणूक

फिरोजशाह १८८४, १८८५ व १९०५ साली पालिकेचे अध्यक्ष झाले. सभागृहावरील त्यांचे वर्चस्व काही युरोपीय अधिकारी व पत्रकारांना खुपू लागले. त्यांनी अकाउंटंट जनरल हॅरिसन यांच्या पुढाकाराने एक गट बांधला. हा गट 'कॉकस' या नावाने ओळखला जातो. जस्टिस मतदारसंघातील सर्व १६ जागांसाठी गटाने आपली यादी तयार केली आणि तिच्यासाठी मते गोळा केली. परिणामी यादीतील उमेदवारांची सरशी झाली व फिरोजशाह सतराव्या क्रमांकावर राहिले.

अधिकाऱ्यांनी निवडणुकीत असा हस्तक्षेप केल्यामुळे प्रश्न एका व्यक्तीपुरता राहिला नाही. मतदाराने अधिकाऱ्याच्या इच्छेनुसार मत द्यावयाचे असेल, तर निवडणुकीला अर्थ काय, असा सवाल उभा राहिला. शहरात निषेधसभा झाल्या. पुढे विजयी उमेदवारांपैकी एक जण अपात्र ठरला आणि त्याच्या जागी फिरोजशाह सभासद झाले. ज्या कायद्याच्या रचनेत त्यांचा हात होता, त्याच कायद्याच्या मार्गाने ते सभागृहात परतले. १९११ साली ते चौथ्यांदा अध्यक्ष झाले. त्यांना पालिकेतून दूर करण्याचा बेत अशा रीतीने फसला.

अन्य कार्य व मूल्यमापन

१८९० च्या कलकत्ता येथील राष्ट्रीय सभेच्या अधिवेशनाचे ते अध्यक्ष होते. १९१३ साली त्यांनी 'बॉम्बे क्रॉनिकल' हे वृत्तपत्र सुरू केले. सनदशीर मार्गावरील निष्ठेमुळे लोकमान्य टिळकांच्या जहाल पक्षाशी त्यांचे तीव्र मतभेद होते आणि त्यांच्या एकतंत्री नेतृत्वावर टीकाही झाली. तरीही राष्ट्रीय राजकारणात मोठे स्थान लाभल्यावर त्यांनी शहराच्या कारभाराकडे पाठ फिरवली नाही. मुंबई महानगरपालिकेच्या मुख्यालयासमोर त्यांचा पुतळा उभा आहे.