मोठ्या मनाचा उंच माणूस

(बास्केटबॉलच्या मैदानावर प्रतिस्पर्ध्याचा चेंडू अडवण्यात ज्यांचा हात धरणारे फार थोडे होते, अशा मनूट बोल यांच्या जीवनाची ओळख या पाठात करून दिली आहे.)

आपल्या छत्रपती संभाजीनगरला दरवाजांचे शहर म्हणतात. भडकल दरवाजा, मकई दरवाजा, दिल्ली दरवाजा हे तुम्ही पाहिलेच असतील. अशी कल्पना करा, की एक परदेशी पाहुणा आपल्या शहरात आला आहे. या दरवाजांखालून तो ताठ मानेने चालत जाईल. पण आपल्या शाळेच्या वर्गात शिरताना मात्र त्याला कमरेत वाकावे लागेल. कारण त्याची उंची आहे सात फूट सात इंच, म्हणजे २३१ सेंटीमीटर! असा एक माणूस खरोखरच होऊन गेला. त्यांचे नाव मनूट बोल. ते बास्केटबॉल खेळत. केवळ उंचीमुळे नव्हे, तर मनाच्या मोठेपणामुळे जग त्यांची आठवण काढते.

मनूट बोल यांची कामगिरी समजण्यासाठी आधी हा खेळ थोडा समजून घेऊ. १८९१ साली अमेरिकेतील जेम्स नाइस्मिथ नावाच्या शिक्षकाने बास्केटबॉलची सुरुवात केली. या खेळात जमिनीपासून दहा फूट उंचीवर लोखंडी कडे असते आणि त्याला जाळी लावलेली असते. चेंडू कड्यातून खाली पडला, की गुण मिळतात. हॉकी किंवा फुटबॉलप्रमाणे या खेळात गोलरक्षक नसतो. कड्याकडे निघालेला चेंडू हवेतच अडवण्याचे काम खेळाडूंनाच करावे लागते. यालाच ब्लॉक करणे म्हणतात.

ब्लॉक करणे दिसते तितके सोपे नाही. चेंडू वर जात असतानाच त्याला हात लावावा लागतो. तो कड्याच्या दिशेने खाली येऊ लागला, की त्याला स्पर्श करता येत नाही. तसे केल्यास समोरच्या संघाला गुण दिले जातात. शिवाय चेंडू फेकणाऱ्याच्या हाताला धक्का लागला, तर तीही चूक धरली जाते. म्हणून उंचीबरोबर नजर तीक्ष्ण हवी आणि वेळेचे भान अचूक हवे. क्षणभर आधी उडी मारली तरी चुकते, क्षणभर उशीर झाला तरी चुकते.

अमेरिकेतील व्यावसायिक स्पर्धेत हे काम उत्तम करणारे अनेक खेळाडू होऊन गेले. बिल रसेल यांनी बॉस्टनच्या संघाला १३ वर्षांत ११ वेळा विजेतेपद मिळवून दिले. ते अडवलेला चेंडू मैदानाबाहेर न भिरकावता आपल्या सोबत्याकडे वळवत. त्यांच्या काळी विल्ट चेंबरलेन हेही या कामात निपुण होते. पण तेव्हा किती चेंडू अडवले हे कोणी मोजत नसे. ही मोजणी १९७३-७४ च्या हंगामापासून सुरू झाली. पुढे १९८४-८५ मध्ये मार्क ईटन यांनी एकाच हंगामात ४५६ चेंडू अडवून विक्रम केला. नायजेरियात जन्मलेले हकीम ओलाजुवान यांनी आपल्या संपूर्ण कारकिर्दीत ३८३० चेंडू अडवले. याच नामवंतांच्या रांगेत मनूट बोल यांचे नाव घेतले जाते.

मनूट यांचा जन्म आफ्रिका खंडातील सुदान देशाच्या दक्षिण भागात झाला. त्यांच्या गावी जन्माची नोंद ठेवण्याची पद्धत नव्हती. पुढे कागदपत्रांत त्यांची जन्मतारीख १६ ऑक्टोबर १९६२ अशी लिहिली गेली. ते डिंका जमातीचे होते. डिंका लोक गाईगुरे पाळतात. ज्याच्याकडे जास्त गाई, तो श्रीमंत, असे ते मानतात. ही माणसे उंचीसाठीही प्रसिद्ध आहेत. मनूटच्या घरातील मंडळी तर जमातीतही उठून दिसतील इतकी उंच होती.

तुरालेई हे मनूटचे गाव. लहानपणी तो गुरे राखायचा. हातात भाला घेऊन दिवसभर गवताळ रानात हिंडायचा. हिंस्र प्राण्यांपासून गुरांचे रक्षण करणे, हीच त्याची शाळा होती. पुस्तके आणि पाटी यांच्याशी त्याचा फारसा संबंध आला नाही. आपल्याला लहानपणी शिकायला मिळाले नाही, ही गोष्ट तो पुढे कधी विसरला नाही.

मोठा झाल्यावर मनूट आधी फुटबॉल खेळू लागला. पण एवढ्या उंचीच्या मुलाला पायाजवळचा चेंडू सांभाळणे अवघड जाई. तेव्हा त्याच्या एका नातेवाइकाने त्याला बास्केटबॉल खेळण्याचा सल्ला दिला. सुरुवातीला एकदा चेंडू कड्यात घालताना त्याचे तोंड जाळीत अडकले आणि दात तुटले. दुसरा कोणी असता, तर त्याने त्याच दिवशी खेळाला रामराम ठोकला असता. मनूटने खेळ सोडला नाही. तो राजधानी खार्टूमला गेला आणि तेथील संघातून खेळू लागला.

१९८२ साली डॉन फीली नावाचे एक अमेरिकन प्रशिक्षक सुदानमध्ये आले होते. त्यांनी मनूटला पाहिले आणि अमेरिकेत येण्याचा आग्रह केला. गुरे राखणारा हा तरुण विमानात बसून हजारो मैल दूर गेला. त्याच्या पासपोर्टावर उंची पाच फूट दोन इंच लिहिली होती. मोजणाऱ्याने ती तो बसलेला असताना मोजली, अशी गमतीची गोष्ट सांगितली जाते.

अमेरिकेत पोहोचल्यावर मोठी अडचण उभी राहिली. मनूटला इंग्रजी येत नव्हते. भाषा येत नाही म्हणून महाविद्यालयात प्रवेश मिळेना, आणि प्रवेश नाही म्हणून खेळता येईना. वयाच्या विशीत त्याने नव्या भाषेची अक्षरे गिरवायला सुरुवात केली. परकी भाषा शिकताना किती कष्ट पडतात, हे तुम्हांला सांगायला नको! अखेर ब्रिजपोर्ट येथील विद्यापीठात त्याला प्रवेश मिळाला. १९८४-८५ मध्ये तो तेथून खेळला. विद्यापीठाची व्यायामशाळा लहान होती. पण मनूटचा खेळ पाहण्यासाठी तेथे पाय ठेवायला जागा उरत नसे.

१९८५ साली वॉशिंग्टनच्या व्यावसायिक संघाने त्यांची निवड केली. त्यांचे वजन जेमतेम नव्वद किलोच्या आसपास होते. हातपाय काटकुळे होते. धिप्पाड खेळाडूंच्या धक्काबुक्कीत हा माणूस टिकणार नाही, असे अनेकांना वाटले. पण पहिल्याच हंगामात त्यांनी ३९७ चेंडू अडवले. त्या वर्षी एवढे ब्लॉक दुसऱ्या कोणालाही करता आले नाहीत. पहिल्या हंगामात एखाद्या नव्या खेळाडूने केलेला हा विक्रम ठरला. दोन्ही हात पसरले, की त्यांच्या एका हाताच्या बोटांपासून दुसऱ्या हाताच्या बोटांपर्यंतचे अंतर साडेआठ फूट भरत असे. उडी न मारता त्यांचा हात कड्याला लागे. ते कड्याखाली उभे राहिले, की भल्याभल्या खेळाडूंना चेंडू फेकताना दोनदा विचार करावा लागे.

१९८७-८८ मध्ये त्यांच्या संघात मग्सी बोग्स नावाचे खेळाडू आले. त्यांची उंची होती अवघी पाच फूट तीन इंच. या दोघांना शेजारी उभे राहिलेले पाहून प्रेक्षकांना मोठी मौज वाटे. पण दोघेही आपापल्या जागी उपयोगी होते. एक वाऱ्यासारखा धावे, तर दुसरा भिंतीसारखा उभा राही.

१९८८-८९ मध्ये बोल कॅलिफोर्नियातील संघाकडून खेळले आणि ३४५ चेंडू अडवून पुन्हा पहिले आले. पुढे फिलाडेल्फिया आणि मायामी येथील संघांतूनही ते खेळले. एकूण ६२४ सामन्यांत त्यांनी २०८६ चेंडू अडवले आणि १५९९ गुण मिळवले. हे दोन आकडे पुन्हा एकदा वाचा. मिळवलेल्या गुणांपेक्षा अडवलेल्या चेंडूंची संख्या जास्त! एवढी मोठी कारकीर्द झालेल्या खेळाडूंत असा हिशेब दुसऱ्या कोणाचा नाही. गुण मिळवणाऱ्याच्या नावाने टाळ्या पडतात. बोल यांनी मात्र संघाचे नुकसान टाळण्याचे काम आयुष्यभर आवडीने केले.

मैदानावर त्यांना कीर्ती आणि पैसा मिळत होता, तेव्हा त्यांच्या मायदेशात मात्र आग लागली होती. सुदानच्या उत्तर आणि दक्षिण भागांत १९८३ साली युद्ध सुरू झाले. ते २००५ पर्यंत चालले. सुमारे वीस लाख माणसे युद्धाने, भुकेने आणि रोगराईने मेली. हजारो मुले आईबापांपासून दुरावली. जीव वाचवण्यासाठी ती अनवाणी चालत शेजारच्या देशांत गेली. बोल यांचेही अनेक नातेवाईक या युद्धात मारले गेले.

अमेरिकेत सुखाने राहणे त्यांना शक्य होते. पण त्यांचे मन तिकडेच ओढ घेई. ते निर्वासितांच्या छावण्यांत जात आणि तेथील मुलांना भेटत. वॉशिंग्टनमधील नेत्यांना भेटून ते सुदानची स्थिती सांगत. अन्न, औषधे आणि निर्वासितांची सोय यांसाठी ते पैसा पाठवत राहिले. दक्षिणेच्या लढ्यालाही त्यांनी मदत केली. त्यांनी दिलेली रक्कम सुमारे पस्तीस लाख डॉलर असावी, असा अंदाज सांगितला जातो. आपल्या मिळकतीचा मोठा भाग त्यांनी असा देऊन टाकला.

१९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस शांततेची आशा दिसू लागली, म्हणून बोल खार्टूमला परतले. पण तेथील सरकारशी त्यांचे पटले नाही. देशाबाहेर जाण्याची परवानगीही मिळेना. जवळचे पैसे संपले. एके काळी लाखो डॉलर मिळवणारा हा खेळाडू घरातील सामान विकून दिवस काढू लागला. अखेर २००१ मध्ये मित्रांच्या मदतीने ते इजिप्तला पोहोचले आणि तेथून पुन्हा अमेरिकेत गेले.

आता ते खेळाडू राहिले नव्हते. सांधे दुखत होते. हाती पैसा नव्हता. पण सुदानच्या मुलांसाठी निधी गोळा करायचा होता. मग त्यांनी एक अजब मार्ग निवडला. २००२ साली ते दूरदर्शनवर एका मुष्टियुद्धात उतरले. त्या कार्यक्रमात मदतनिधीचा दूरध्वनी क्रमांक दाखवावा, ही त्यांची अट होती. बर्फावरील हॉकीच्या एका संघाशी त्यांनी करार केला. आयुष्यात ते कधी बर्फावर खेळले नव्हते. घोड्यांच्या शर्यतीतील स्वाराचे कपडेही त्यांनी अंगावर चढवले. लोक हसले. एवढा मोठा खेळाडू स्वतःचे हसे करून घेतो, असे काहींना वाटले. बोल यांना त्याचे वाईट वाटले नाही. लोक आपल्या उंचीला हसण्यासाठी पैसे देत असतील, तर त्या पैशांतून उपाशी मुलाच्या तोंडी घास जाईल, एवढाच विचार त्यांनी केला.

२००४ साली त्यांच्यावर मोठे संकट कोसळले. ते ज्या टॅक्सीत बसले होते, तिला अपघात झाला. चालकाने दारू प्यायलेली होती. बोल गाडीबाहेर फेकले गेले आणि त्यांच्या मानेचे हाड मोडले. त्यांच्याजवळ वैद्यकीय विमाही नव्हता. बरे व्हायला पुष्कळ दिवस लागले. त्यानंतर चालताना त्यांना त्रास होई.

या दुखण्यातून उठल्यावर त्यांनी एकच ध्यास घेतला. तो म्हणजे शाळेचा. त्यांच्या तुरालेई गावातील मुले झाडाखाली बसून शिकत. पाऊस आला, की शाळा सुटे. या मुलांसाठी पक्की इमारत बांधायची, असे त्यांनी ठरवले. एका सेवाभावी संस्थेच्या मदतीने कामाला सुरुवात झाली. सुदानभर अशा ४१ शाळा उभारण्याचे त्यांचे स्वप्न होते. दुसरी एक गोष्टही त्यांना महत्त्वाची वाटे. वर्षानुवर्षांच्या युद्धाने माणसामाणसांत वैर पेरले होते. म्हणून मुसलमान आणि ख्रिस्ती यांनी खांद्याला खांदा लावून या शाळा उभाराव्यात आणि त्यांची मुले एका वर्गात शिकावीत, अशी त्यांची इच्छा होती. ज्या युद्धात त्यांनी आपली माणसे गमावली, त्या युद्धाचा सूड त्यांनी मनात ठेवला नाही.

२०१० साली ते शाळेच्या कामासाठी सुदानमध्ये होते. त्याच सुमारास तेथे निवडणुका होत्या. त्या नीट पार पडाव्यात म्हणून ते ठरल्यापेक्षा अधिक दिवस तेथे राहिले. त्यांना मूत्रपिंडाचा विकार होता. त्यातच त्वचेच्या एका भयंकर रोगाने त्यांना गाठले. तोंडाला इतक्या जखमा झाल्या, की अन्न गिळता येईना. त्यांना अमेरिकेत नेण्यात आले. पण उपचारांना यश आले नाही. १९ जून २०१० रोजी व्हर्जिनिया राज्यातील रुग्णालयात त्यांचे निधन झाले. तेव्हा त्यांचे वय अवघे ४७ वर्षांचे होते. त्यांचा देह मायदेशी आणून तुरालेईच्या मातीत दफन करण्यात आला.

त्यानंतर एक वर्षाने, ९ जुलै २०११ रोजी, दक्षिण सुदान हा स्वतंत्र देश झाला. तो दिवस पाहायला बोल नव्हते. त्यांचा मुलगा बोल बोल हाही खूप उंच आहे. २०१९ साली अमेरिकेतील व्यावसायिक स्पर्धेसाठी त्याची निवड झाली.

चेंडू अडवण्यात मनूट बोल यांच्याहून वरचढ खेळाडू झाले आहेत, पुढेही होतील. विक्रम मोडण्यासाठीच असतात. पण खेळातून मिळालेले सारे ज्याने आपल्या माणसांसाठी खर्च केले, असा खेळाडू विरळाच. लहानपणी भाला घेऊन त्याने गुरे राखली. तरुणपणी हात उंचावून संघाची बाजू राखली. आणि शेवटी आजारी शरीराने तो झाडाखाली बसलेल्या मुलांसाठी छप्पर उभारत राहिला. राखण करणे, हेच त्याच्या आयुष्याचे काम होते.

उद्या मैदानावर बास्केटबॉलचे कडे दिसले, तर त्याखाली क्षणभर उभे राहा आणि वर पाहा. दहा फुटांवरच्या त्या कड्याला उडी न मारता हात लावणारा एक माणूस होता. तोच माणूस लहान मुलांसाठी मात्र सहज खाली वाकत असे.