रणगाड्यांच्या पुढे चालणारा राणे

मांजरसुंब्याच्या घाटात उसाचा ट्रक बंद पडला की काय होतं, हे तुम्हाला सांगायला नको. एक गाडी आडवी, मागे ही रांग! आता ट्रकच्या जागी 14-15 टनांचा रणगाडा ठेवा आणि वरच्या डोंगरात मशीनगन घेऊन बसलेला शत्रू.

बंद रणगाडा ओढायला सैन्याकडे खास गाडी असते. सांगाडा रणगाड्याचाच, पण मोठ्या तोफेऐवजी विंच, जाड तारदोर, क्रेन. पण अरुंद डोंगरी रस्त्यावर पुढचाच रणगाडा अडला तर मागून मदत येणार कुठून? म्हणून तो अडूच नये हे बघावं लागतं. ते काम रामा राघोबा राणे यांनी केलं.

राणे कारवारजवळच्या चेंडियाचे, जन्म 1918 चा. वडील पोलिसात, सतत बदल्या. 1940 मध्ये ते बॉम्बे इंजिनिअर्समध्ये भरती झाले, ब्रह्मदेशात जपान्यांशी लढले.

8 एप्रिल 1948. नौशेराहून राजौरीकडे आपले हलके रणगाडे निघालेले. सुरुंग काढायला राणेंची तुकडी सज्ज होती, तेवढ्यात उखळी तोफांचा मारा झाला. दोन जवान गेले, पाच जखमी, त्यात स्वतः राणे. त्यांनी उरलेल्यांना गोळा केलं आणि लगेच काम सुरू केलं. रात्री 10 पर्यंत गोळीबारात रणगाड्यांसाठी वळणरस्ता खोदला, दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला तो पुरा केला.

पुढे तर अडथळ्यांची माळच. पाइनची झाडं आडवी टाकलेली, ती सुरुंग लावून उडवली. मोरी उद्ध्वस्त, तिला वळसा. संध्याकाळी पाच मोठी झाडं, भोवती सुरुंग. अंधार पडला म्हणून ताफा थांबला, पण पहाटे पावणेपाचला राणे पुन्हा तिथेच! साडेसहाला रस्ता मोकळा.

10 तारखेला दुपारी दोनला रणगाडे चिंगसला पोचले. कुणीही म्हटलं असतं, झालं काम. पण रणगाड्यांना इंधन-दारूगोळा पुरवणारे ट्रक मागेच होते ना? रणगाडे तवी नदीच्या पात्रातून गेले, ट्रकना रस्ताच हवा. राणे जेवणखाण सोडून रात्री नऊपर्यंत राबले. 11 ला सकाळी 11 वाजता चिंगसपर्यंतचा रस्ता खुला झाला. मला विचाराल तर, त्यांचा खरा मोठेपणा या उरलेल्या कामात आहे.

परमवीरचक्र त्यांना हयातीत मिळालं. 1968 मध्ये ते मेजर म्हणून निवृत्त झाले, 1994 मध्ये पुण्यात गेले. कारवारला ट्रिप काढलीत तर समुद्रकिनाऱ्यावर त्यांचा पुतळा आहे, बघून या.