समजून घ्या : रझाकारी ते मतपेटी, स्वामी रामानंद तीर्थांची अवघड वाट

सास्तूर म्हटले की 1993 चा भूकंप आठवतो. याच लोहारा तालुक्यातील हिप्परगा (रवा) मात्र एका शाळेमुळे ओळखले जाते. तिथल्या राष्ट्रीय शाळेत 1929 मध्ये व्यंकटेश खेडगीकर हे शिक्षक आले. कामगार नेते ना. म. जोशी यांच्याकडे काम केलेल्या या तरुणाने हिप्परग्यातच संन्यास घेतला आणि तो स्वामी रामानंद तीर्थ झाला. भगवी वस्त्रे घालून हा संन्यासी थेट राजकारणात उतरला.

1935 मध्ये ते अंबाजोगाईला गेले. 1938 मध्ये स्टेट काँग्रेसवर बंदी आली, तेव्हा सत्याग्रह करून तुरुंगात गेले. 1947 मध्ये निजामाने भारतात सामील होण्यास नकार दिला. रझाकारांनी गावोगावी लूट, जाळपोळ, खून केले. 13 सप्टेंबर 1948 रोजी भारतीय फौजा सोलापूरकडून नळदुर्गमार्गे आत शिरल्या आणि 17 तारखेला निजाम शरण आला. त्या काळात स्वामीजी तुरुंगातच होते.

विजयानंतर काय झाले?

इथून पुढचा भाग मुक्तिदिनाच्या भाषणांत क्वचितच येतो. कारवाईदरम्यान आणि नंतर मुस्लिम वस्त्यांवर सूडाचे हल्ले झाले. केंद्राने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने मृतांचा अंदाज 27 ते 40 हजार दिला. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद होता. अहवाल अनेक दशके दडून राहिला.

कारभारही लगेच लोकांकडे आला नाही. आधी लष्करी गव्हर्नर जे. एन. चौधरी, मग सनदी अधिकारी एम. के. वेलोडी. लढलेली माणसे बाहेर आणि खुर्चीवर अधिकारी, असे जवळपास साडेतीन वर्षे चालले. तेलंगणात कम्युनिस्टांचा सशस्त्र लढा सुरूच होता. तो 1951 मध्ये थांबला आणि बंदूक धरलेले कार्यकर्ते 1952 च्या निवडणुकीत उभे राहिले. संघर्षातून बाहेर पडलेल्या राज्यासाठी ही लहान गोष्ट नव्हती.

मग मुख्यमंत्री कोण?

काँग्रेसमध्ये गट होते. मुख्यमंत्रिपद बुर्गुल रामकृष्ण राव यांना मिळाले. लढ्याचे नेते असलेले स्वामीजी 1952 मध्ये गुलबर्ग्यातून आणि 1957 मध्ये औरंगाबादेतून लोकसभेवर गेले. हैदराबाद एकसंध राहावे, असा नेहरूंचा सुरुवातीचा कल होता. स्वामीजींनी मात्र राज्याचे भाषेनुसार तीन भाग करण्याचा आग्रह धरला. ज्या राज्यात त्यांचे सारे राजकीय वजन होते, तेच राज्य त्यामुळे संपणार होते.

1 नोव्हेंबर 1956 रोजी ते संपले. मराठवाडा मुंबई राज्यात गेला. स्वामीजी पुढे भूदानाच्या कामात रमले आणि 22 जानेवारी 1972 रोजी हैदराबादेत त्यांचे निधन झाले.